मी आलो

उद्यमबागेत, फौंड्रीच्या वरच्या माळ्यावर
दर दुसऱ्या शनिवारी जमतात कोड लिहिणारे.
खाली लेथ फिरते, वर पंखा.
जिन्याच्या पायऱ्यांवर लोखंडाचा कीस,
तो चपलेला चिकटून आपल्याबरोबर वर येतो.

पहिल्यांदा गेलो तेव्हा
बारा खुर्च्या होत्या आणि अकरा पोरं.
अंगडी सर फळ्यावरून मान वळवून म्हणाले,
कारखान्याचं ऑफिस खाली आहे.
मी म्हटलं, नाही, इथेच. मी आलो.

हसले. सगळे नाही,
पण पुण्याहून परत आलेला मुतगेकर
सगळ्यांच्या वाटणीचं हसला.
'आलो नाही मॅडम. आले.'

आता ह्याला काय सांगायचं!
वडगावात आमच्या गल्लीत
आई कांड्या भरायला निघते ती 'मी जातो गं' म्हणत.
शेजारची कस्तुरी सांगते, मी जेवलो.
तिची सून, मी दमलो.
बायकांच्या तोंडातला हा ओकार
कुणाकडून मागून आणलेला नाही.
नळाला पाणी येतं तसा येतो,
कधी जोरात, कधी बारीक.

पुण्याच्या कंपनीत दोन वर्षं
मी तो जिभेखाली दाबून ठेवला.
वाक्यं अशी फिरवायचो
की मी कोण ते क्रियापदाला कळू नये.
मी शिकले, मी शिकलो, दोन्ही नको.
मला येतं, एवढंच.
खरंच येत होतं.

ह्या शहरात पाट्यांवरून भांडणं झालीत.
कुठली लिपी वर, कुठली खाली,
अक्षर किती बोटं मोठं.
आपल्या भाषेत बोला, हे
दोन्हीकडचे बजावून सांगतात.
आपल्या भाषेत मी कुठे बसू,
ते मात्र कोणी सांगत नाही.

त्या रात्री ग्रुपवर निरोप आला:
मित्रांनो, पुढच्या वेळी आपापला लॅपटॉप आणा,
आणि बायकोला सांगून या, उशीर होईल.
लॅपटॉप होता माझ्याकडे.
बायको नव्हती.

मागवाल्यांच्या सोसायटीसाठी
आम्ही हजेरीचा प्रोग्राम करत होतो.
कार्ड लावलं की पडद्यावर उमटायचं:
कामगार हजर झाला.
साठ कार्डांतली एकेचाळीस बायकांची.
आईचं कार्ड सतरा नंबरचं.
ती लावणार, आणि यंत्र तिला सांगणार, झाला.

मी बोट ठेवलं.
मुतगेकर म्हणाला, त्यात सगळे येतातच की.
मी म्हटलं, येतात तर दिसू देत.
मग बराच वेळ नुसती लेथ ऐकू येत होती.

अंगडी सरांची घरची भाषा कन्नड.
ते खडू फिरवत आपल्याशीच पुटपुटले,
नानू बंदे...
मी आलो म्हणा, मी आले म्हणा,
आमच्यात तेवढंच. नानू बंदे.
आणि असे हसले, जसं काही
रोज घातलेल्या शर्टाला
आत एक खिसा आहे हे आजच कळलं.

ओळ मीच बदलली.
हजेरी लागली.
लागते ती हजेरी, मग कार्ड कुणाचंही असो.
चार सेकंदांचं काम होतं,
त्याच्यासाठी तीन शनिवार गेले.
निरोपातले 'मित्रांनो' अजून
अधूनमधून उगवतातच, तणासारखे.

काल जिन्यावर पावलं वाजली.
खानापूरची निलोफर सनदी,
दारात उभी, पाठीला सॅक,
चपलेवर लोखंडाचा कीस.
सर म्हणाले, बर्री, कुंद्री.
मी म्हटलं, या, बसा.
पण खुर्च्या बाराच.

ती काहीतरी बोलली,
आलो की आले की आणखी काही,
खालच्या लेथच्या आवाजात कळलं नाही.
मुतगेकर खाली गेला.
तेलकट स्टूल घेऊन वर आला
आणि आपल्या रुमालाने
ते पुसत राहिला, जरा जास्तच वेळ.